डाव्या पायातला चाळ

कुंदाआत्या पायाळू आहे, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे मुंबईत असल्फ्याच्या आमच्या नाच मंडळात तालीम सुरू व्हायच्या आधी आत्यासमोर पालथं पडायला रांग लागायची. त्या संध्याकाळी रांगेत मी पहिली होते.

"श्वास सोड गो," आत्या म्हणाली आणि उजव्या पायाचा तळवा माझ्या कमरेवर ठेवून तिने अंग सैल सोडलं. आत्या काही बारीक नाही. माझ्या डोळ्यांपुढून हॉलची फरशी क्षणभर नाहीशी झाली.

"उतरली?"

"उतरली," मी म्हणाले. उतरली नव्हती.

"माझ्या पायाला अजून कोणी नावं ठेवलेली नाहीत."

"आत्या, तू क्लिनिकच टाक यार," मागून दीप्ती म्हणाली. ती माझ्या शेजारी नाचते. "बोर्डावर नाव नको, डिग्री नको. नुसता एक पाय काढायचा."

"तुझ्या कमरेवर दोन्ही पायांनी उभी राहते, थांब," आत्या म्हणाली. हॉलमध्ये हशा झाला. दार आतून लावलेलं होतं. पाठीचं जे काही असेल ते दार लावून, ही आमच्यातली न बोललेली अट होती.

कारण सांगायला हवं. आमचा नाच जाखडी. मध्ये शाहीर, मृदंग आणि झांजा बसतात, भोवती नाचणारे गोल धरतात. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. आजोबा गिरणीत लागले तेव्हा गावाबरोबर नाचही मुंबईत आला आणि कायम पुरुषांचाच राहिला. मग पोरं शिफ्टच्या नोकऱ्यांत गेली, तालमीला कोणी येईना, मृदंगाला कापड गुंडाळून ठेवायची वेळ आली. तेव्हा धोंडिरामकाकांनी गावातल्या लेकी-सुनांना गोळा केलं. ते आमचे शाहीर, बेस्टमधून निवृत्त झालेले. गावकीच्या समितीला हे पटायला फार वेळ लागला. समितीतले सगळे जुने नाचे. त्यांचं म्हणणं एकच होतं, बायकांच्या कमरेला हे झेपायचं नाही. म्हणून आमच्यातल्या कोणाची कंबर कधी दुखलीच नाही. दुखायची ती आत्याच्या पायाखाली, दार लावून.

नाचताना घुंगरांचा चाळ एकाच पायात बांधतात, उजव्या. डाव्या पायावर तोलायचं, उजवा उचलायचा, कमरेतून मागे झुकायचं आणि तो पाय जमिनीवर आपटायचा. आमच्या मंडळाचं झुकणं इतरांपेक्षा खोल आहे. लोक त्यासाठीच बघायला येतात. आणि गोलात सगळ्यात खोल मी झुकायचे.

माझ्या पायातला चाळ आधी बाबांच्या पायात होता. चाळ मंडळाचे असतात, पण घरातलं कोणी नाचत आहे तोवर तो चाळ त्या घरात राहतो. नाचणं संपलं की मंडळाला परत द्यायचा. चाळ खुंटीला टांगून ठेवणं आमच्यात चालत नाही. ज्याच्याकडे चाळ त्याला गोलात जागा, चाळ गेला की जागा गेली. आणखी एक नियम आहे. बांधलेल्या चाळाची गाठ ज्याची त्यानेच सोडायची. दुसऱ्याने त्या गाठीला हात लावला तर नाचणाऱ्याच्या पायाला दोष लागतो म्हणतात. मंडळात किती भांडणं झाली, पण गाठीला कोणी हात लावल्याचं मी ऐकलेलं नाही.

त्या वर्षी आम्हाला मुलुंडच्या नाट्यगृहात सामना मिळाला होता. जाखडीत शक्ती आणि तुरा असे दोन पक्ष असतात. आम्ही शक्तीवाल्या, समोर पुरुषांचं तुरेवाल्यांचं मंडळ. दोन्ही शाहिरांनी एकमेकांना गाण्यातून सवाल टाकायचे आणि तिथल्या तिथे जवाब द्यायचे. आमचा हा पहिला मोठा सामना. मला त्या गोलात असायचं होतं. दुसरं काही नको होतं.

मरोळच्या एका कंपनीत मी वजनकाटे तपासायचं काम करते. काटा दर वेळी एकाच बाजूला चुकत असेल तर आम्ही आधी तो ठेवलाय ती जागा बघतो. माझी पाठ दर वेळी एकाच बाजूला दुखत होती. मणक्याच्या डावीकडे, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. पुढे वाकलं तर बरं वाटायचं. बसलं तर काही नाही. डाव्या पायावर उभं राहून मागे झुकलं की कोणी आत पेचकस फिरवल्यासारखं व्हायचं. उसण अशी नसते. ती शिंकल्यावर भरते, चार दिवस माणसाला वाकडं करते आणि जाते. हे दुखणं महिनाभर एकाच जागी बसून होतं आणि फक्त मी नाचल्यावर बोलत होतं.

शेवटी मी सुट्टी टाकून हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एमआरआय काढायला लावला, तो बघितला आणि म्हणाले, "नाच बंद. दुसरा काही छंद आहे?"

"हा छंद नाही."

"मग काय आहे?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी चिठ्ठीवर माणिक मॅडमचं नाव लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

माणिक मॅडमचं फिजिओथेरपीचं क्लिनिक घाटकोपरला आहे, स्टेशनपासून जरा आत. साठीच्या बाई, कापलेले पांढरे केस, पायात कापडी बूट. मी एमआरआयचं पाकीट पुढे केलं तर त्यांनी ते टेबलावर ठेवून दिलं.

"हे नंतर. आधी उजव्या पायावर उभी राहा. डावा उचल. मागे झुक."

झुकले. काही झालं नाही.

"आता डाव्या पायावर."

मी अर्ध्यात थांबले आणि भिंत धरली. त्यांनी अंगठा नेमका त्या पेराएवढ्या जागेवर टेकवला. "इथे?"

"हो."

"आता नाचून दाखव."

"इथे?"

"मग काय, स्टेज लावू? सावकाश कर, आपटू नकोस."

मी हळूहळू दाखवलं. उजवा उचलला, थोडी झुकले, पाय टेकवला. त्यांनी पुन्हा करायला लावलं आणि बाजूला जाऊन बघितलं.

"दुसऱ्या पायावर कधी?"

"आमच्यात उजव्याच पायात चाळ बांधतात. उजवाच पाय वाजवायचा."

"म्हणजे सगळा भार कायम डावीकडे. बस." आता त्यांनी एमआरआय उजेडाला लावला. "कमरेच्या शेवटच्या मणक्याला मागच्या बाजूला दोन बारीक कमानी असतात. डावी आणि उजवी. तुझ्या डाव्या कमानीला तडा आहे. एका दणक्यात पडलेला नाही. तार वाकवत राहिलं की एक दिवस तुटते, तसा आहे हा."

"भरेल?"

"थांबलीस तर भरायची शक्यता चांगली आहे. नाही थांबलीस तर भार उजवीवर येईल, तीही जाईल आणि मणका पुढे सरकू शकतो. मग माझ्याकडे येऊ नकोस, ऑपरेशनवाल्याकडे जा."

"किती थांबायचं?"

"तीन महिने झुकणं नाही, आपटणं नाही. व्यायाम मी देते. मग हळूहळू."

सामना दीड महिन्यावर होता. मी म्हटलं, "कमरेला शेला घट्ट बांधला की नाचताना कमी दुखतं. तेवढे दीड महिने..."

"शेल्याने दुखणं झाकलं जातं. तडा भरत नाही." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाठीवर कोणी पाय दिला होता का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझी मावशी पायाळू होती. कऱ्हाडला आमच्या ओसरीवर लोक पालथे पडलेले असायचे. उसण उतरते की नाही देव जाणे. पण तड्यावर पाय द्यायचा नाही. सांग तिला."

मी पाकीट उचललं. "म्हणजे तुम्हीही नाच सोड असंच म्हणताय."

"मी थांब म्हटलं. सोड आणि थांब यात फरक असतो, तो मी कशाला शिकवू तुला? वजनकाट्यावर काम करतेस असं फॉर्मवर लिहिलंयस ना?"

त्याच आठवड्यात तालीम संपल्यावर मी धोंडिरामकाकांना सांगितलं. बायका निघून गेल्या होत्या. काका झांजा पिशवीत भरत होते.

"मोडलंय?"

"तडा आहे. डावीकडे."

ते उठले आणि आधी दार लावून आले. "कोणाकोणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"मग इथपर्यंतच ठेव. बाहेर सांगू, श्वेताचं लग्न जमतंय, घरचे पाठवत नाहीत."

"कोणाशी?"

"ते कशाला कळायला हवं कोणाला?"

"मला तरी कळू दे ना काका."

ते हसले नाहीत. "तुला मस्करी सुचतेय. समितीला कळलं की वाट लागली. बोललोच होतो ना आम्ही, असं म्हणतील आणि पुढच्या वर्षी हॉलची चावी काढून घेतील. एवढी वर्षं घातली गं मी ह्यात." त्यांनी पिशवीची नाडी ओढली. "रविवारी समिती आहे. चाळ घेऊन ये. सामन्याआधी दुसऱ्या पोरीला तयार करायला हवं."

"मी सोडत नाहीये. थांबतेय."

"आपल्यात थांबणं नसतं. नाचतो तो नाचतो. नाचत नाही तो चाळ देतो."

"मग आजपासून आपल्यात थांबणं असेल," मी म्हणाले. "मी खोटं सांगणार नाही आणि चाळही देणार नाही."

"हे समितीत बोलशील?"

"बोलेन."

काका माझ्याकडे बघत राहिले. मी मंडळात कमी बोलते. इतकी वाक्यं सलग त्यांनी माझ्याकडून कधी ऐकली नसावीत.

घरी बाबा टीव्हीपुढे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आवाज कमी न करता.

"शेला नीट बांधत नसशील. मी सांगितलं होतं, दोन वेढे कमरेखाली, मग वर."

"तसाच बांधते."

"मग खाण्यापिण्यात काहीतरी कमी आहे. आमच्या वेळी कोणाला तडे गेले नाहीत." ते पाणी घ्यायला उठले. उठताना डावा हात मागे गेला आणि कमरेच्या खालच्या भागावर टेकला. हे मी लहानपणापासून बघत आले होते. बाबा असेच उठतात, एवढंच मला ठाऊक होतं.

"बाबा, हात का ठेवला?"

"कुठे?"

"डाव्या पायावर उभे राहा जरा. उजवा उचला. आता मागे झुका."

"कशाला?"

"झुका तर."

नाचलेला माणूस आव्हान सोडत नाही. त्यांनी पाय उचलला, ऐटीत झुकायला गेले आणि फ्रिजचं दार धरलं. दार उघडलं. आतल्या उजेडात त्यांचा चेहरा मला नीट दिसला.

"वय झालं," ते म्हणाले.

आई कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लग्न झालं तेव्हाही कूस बदलताना असेच कण्हायचे. तेव्हापण वय झालं होतं वाटतं."

"मालन, तू गप बस गो."

बाबांच्या पाठीत नेमकं काय आहे हे तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. म्हाताऱ्या पाठीला दुखायला अनेक कारणं असतात. पण जागा तीच होती.

रविवारी समितीची माणसं सतरंजीवर बसली होती, भिंतीला टेकून. आम्ही मागे. बाबा मधल्या रांगेत. अध्यक्षांनी आधी हॉलच्या रंगकामाचं बोलून घेतलं, मग धोंडिरामकाकांनी माझं नाव घेतलं.

मी उभी राहिले आणि जे होतं ते सांगितलं. तडा कुठे आहे, कशाने पडला, किती थांबायचं. माझ्या आवाजाला सवय नव्हती, पण तो टिकला.

"झालं," अध्यक्ष म्हणाले. रागाने नव्हे, आपलं खरं ठरलं की माणूस बोलतो तसं. "आम्ही काय वेगळं सांगत होतो? बायकांची कंबर ती. तुझा दोष नाही पोरी. चाळ ठेव इथे आणि तब्येतीला जप. पुढच्या वर्षी मंडळाचं काय करायचं ते नंतर बघू. चला, गाऱ्हाणं घालून घेऊ."

आमच्या बैठकीचा शेवट गाऱ्हाण्याने होतो. एक जण देवीला हाक मारतो, बाकीचे उभे राहून 'होय महाराजा' म्हणतात. सगळे उठायला लागले. जुने नाचे, साठीचे, सत्तरीचे. गुडघ्यावर हात टेकले, भिंत धरली, आणि उभं राहता राहता डावा हात मागे गेला. अध्यक्षांचा गेला. त्यांच्या शेजारच्याचा गेला. पुढच्या रांगेत बहुतेकांचा गेला.

"थांबा," मी म्हणाले. "आहात तसेच थांबा. आपापला हात कुठे आहे बघा."

कोणाला आधी कळलंच नाही. मग एकाने हात झटकून खाली घेतला, आणि त्याने तो घेतला म्हणूनच बाकीच्यांना कळलं. मागून कोणीतरी "च्यायला" म्हणालं.

"बसून बसून पाय आखडले," अध्यक्ष म्हणाले.

"पाय आखडले तर हात पायाला जातो, अध्यक्षकाका. तुमचा कमरेला गेला. डावीकडे. मला दुखतं तिथेच. सगळ्यांना एकच आजार आहे असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण आपण सगळे एकाच पायावर झुकलोय आणि एकाच पायाने आपटलंय. ही बायकांची कंबर नाही. ही आपल्या नाचाची कंबर आहे."

"आम्ही नाही कधी बोंबललो."

"तेच तर," कुंदाआत्या म्हणाली. ती दाराशी बसली होती, तिथूनच बोलली. "बोंबलला नाहीत. माझ्या दारात यायचात. ह्यातले निम्मे माझ्या पायाखालून गेलेत. नावं घेऊ?"

कोणी घे म्हणालं नाही. आत्याने माझ्याकडे बघितलं. आदल्या दिवशी मी तिला तड्याचं सांगायला गेले होते, तेव्हा ती बराच वेळ आपल्या पायाकडे बघत बसली होती.

धोंडिरामकाका पुढे आले. "ते सगळं बरोबर असेल. पण सामना तोंडावर आलाय. गोलात खिंडार चालायचं नाही." त्यांनी हात पुढे केला. "चाळ."

मी पिशवीतून चाळ काढला, त्यांच्यासमोर खाली बसले आणि तो डाव्या पायात बांधला. तीन वेढे, वर दुहेरी गाठ. उजव्या पायात बांधायची सवय, म्हणून गाठ जरा वेडीवाकडी आली.

"घ्या," मी म्हणाले. "सोडवून घ्या."

काकांचा हात तसाच राहिला.

"डाव्या पायात?" कोणीतरी हळू विचारलं.

"भरून आल्यावर मी दोन्ही पायांवर नाचणार आहे. मॅडम म्हणाल्या, भार दोन्हीकडे वाटायला हवा. डाव्यापासून सुरुवात केली."

अध्यक्ष बाबांकडे वळले. "बाळ, सांग तुझ्या पोरीला. चाळ मूळ तुझा."

बाबा मधल्या रांगेत उभे होते, दोन्ही हात पुढे बांधून. बांधलेले हात मागे जाणार नाहीत याची काळजी घेत होते बहुतेक. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं.

"चाळ माझा होता," ते म्हणाले. "गाठ तिची आहे."

मग कोणीतरी गाऱ्हाण्याला सुरुवात केली, कारण पुढे काय करायचं ते कोणाला कळेना. मीही उभी राहिले. 'होय महाराजा' म्हणताना पाय हलला आणि चाळ वाजला.

त्यानंतर मी प्रत्येक तालमीला गेले. दारात चाळ बांधायचा, आत जाऊन मध्ये बसायचं, तालीम संपली की आपल्या हाताने सोडायचा. पायात चाळ असेपर्यंत माझी जागा कोणाला देता येत नव्हती, त्यामुळे गोल फिरताना त्यात एक मोकळी जागा फिरायची. ती दर फेरीला माझ्यासमोरून जायची. धोंडिरामकाका माझ्याशी बोलत नव्हते. दुसऱ्या तालमीला त्यांनी माझ्या मांडीवर एक झांज आणून टाकली. "नुसती बसू नकोस," एवढंच म्हणाले.

सकाळी मी घरी व्यायाम करायचे. पाठीवर उताणं पडायचं, हात-पाय वर, उलट्या पडलेल्या झुरळासारखे. मग एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय सावकाश खाली न्यायचा, पण कंबर जमिनीवरून उचलू द्यायची नाही. दिसायला पोरखेळ. पहिल्या आठवड्यात मला घाम फुटायचा. मी इतकी वर्षं नाचत होते आणि पोटातले जे स्नायू कणा धरून ठेवतात त्यांना कधी कामाला लावलंच नव्हतं, सगळं मागच्या त्या दोन बारीक कमानींवर टाकलं होतं. माणिक मॅडम दर खेपेला बोट ठेवून बघायच्या, मान हलवायच्या आणि व्यायाम थोडा अवघड करायच्या. कौतुक करायच्या नाहीत.

आत्याने पाय देणं बंद केलं नाही. पण आता ती आधी विचारायची, पुढे वाकून दुखतं की मागे झुकून. मागे म्हटलं की पाय द्यायची नाही, मॅडमचा नंबर द्यायची. दीप्ती गेली. आणखी दोघी गेल्या. दीप्तीला तडा नव्हता, नुसता स्नायू आखडला होता. याचं तिला थोडं वाईटच वाटलं.

एक दिवस सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर बाबा हॉलमध्ये उताणे पडले होते, हात-पाय वर.

"काय करताय?"

"फरशी गार आहे का बघत होतो."

"आहे का?"

"आहे," ते म्हणाले आणि विरुद्ध बाजूचा हात-पाय सावकाश खाली नेला.

सामन्याच्या दिवशी मुलुंडचं नाट्यगृह भरलेलं होतं. दोन्ही गावांची माणसं, बायका-पोरं, डबे. आमची समिती तिसऱ्या रांगेत. आमच्या बायका गोलात उभ्या राहिल्या, हिरव्या नऊवारीत, आणि गोलात ती मोकळी जागा होती. मी मध्ये मृदंगाशेजारी, झांज घेऊन. डावा पाय पुढे केलेला. लपवायचा नाही असं मी ठरवलं होतं.

गण झाला, गवळण झाली. मग सवाल सुरू झाले. तुरेवाल्यांचा शाहीर पन्नाशीचा, आवाज खणखणीत, नजर त्याहून तेज. त्याने गोलाकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे. मला कळलं की आता येणार.

*"गोलामधली जागा रिकामी, मध्ये बसली नाचणारी,*
*डाव्या पायी चाळ बांधून कंबर कशी गं वाचणारी?"*

त्याच्या बाजूचे लोक खूश झाले. शिट्ट्या वाजल्या. त्याने ओळ पुन्हा घेतली, माझ्याकडे बोट करून. आमच्या गोलातल्या बायका थांबल्या. दीप्तीचा चेहरा लाल झाला होता. मी पाय मागे घेतला नाही. झांज हातात धरून शाहिराकडे बघत राहिले.

जवाब धोंडिरामकाकांनी द्यायचा होता. तिथल्या तिथे, नाहीतर सामना गेला. त्यांना सोपा मार्ग होता. पोरीचं लग्न जमलंय असं गाण्यात बसवलं असतं तर कोणी विचारलं नसतं. मृदंगावर नितेशने ठेका धरून ठेवला होता, एकदा, दोनदा. काकांनी माझ्याकडे बघितलं. महिनाभरात पहिल्यांदा. मग कानावर हात ठेवला.

*"मोडली ती सांगून बसली, शेल्याखाली झाकली नाही,*
*उठून सांगा तुमच्यामधुनी, कंबर ज्याची वाकली नाही."*

काकांनी ओळ परत घेतली, या वेळी हात पसरून, समोरच्या मंडळाला, त्यांच्यामागच्या म्हाताऱ्यांना, सगळ्या रांगांना. 'उठून सांगा.' कोणी उठेना. तुरेवाल्यांतला एक वयस्क झांजवाला मान खाली घालून हसायला लागला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत कोणीतरी उठलं. बाबा होते. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली, डावा हात कमरेवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि सावकाश सरळ झाले.

"काय हो," तुरेवाल्यांच्या बाजूने कोणी ओरडलं, "तुमची नाही वाटतं वाकली?"

"वाकली," बाबा म्हणाले. "म्हणून तर उठायला वेळ लागला."

मग जो हशा झाला त्यात दोन्ही गावं होती. अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यांनी बाबांना हात धरून बसवलं, आणि बसवताना त्यांचा स्वतःचा डावा हात जिथे जायचा तिथे गेला. नितेशने ठेका वाढवला, बायकांनी पाय उचलले आणि गोल फिरायला लागला. मोकळी जागा माझ्यासमोरून गेली. मी झांज वाजवली आणि डाव्या टाचेने, बसल्या जागी, हळूच ताल धरला. तेवढं चालेल असं मॅडमना विचारून ठेवलं होतं.

सामना संपला तेव्हा विंगेत गर्दी होती. कुंदाआत्या कोणाच्या तरी केसांतल्या पिना काढत होती. मी भिंतीला टेकून उभी होते, दोन्ही पायांवर सारखी. धोंडिरामकाका उपरणं खांद्यावर टाकून जवळ आले आणि माझ्या पायाकडे बघत म्हणाले, "आता तरी सोड तो. झाला ना सामना."

"सोडेन की, काका."

"कधी?"

"नाचून झाल्यावर."

त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही. मग वळता वळता थांबले. "दोन्ही पायांवर म्हणालीस ना तू? उलटा गोल फिरायला लागेल मग. ठेका बदलावा लागेल." आणि नितेशला हाक मारत निघून गेले.

मी जिना उतरायला लागले. दर पायरीला चाळ वाजत होता.